नळीतला पीळ

गेवराई तालुक्यातील चकलांब्याहून शेवगावचा मुलूख जवळ आणि उत्तरेस गोदावरीचे पात्रही फार लांब नाही; या टापूत ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे शेतातल्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार ज्याने पाहिला आहे आणि त्याच गावच्या गल्लीत जाळी गुंडाळून भोवरा मारणारे पोर ज्याने पाहिले आहे, त्याला बंदुकीच्या नेमाविषयी ग्रंथांतून शिकावयाचे निम्मेअधिक ज्ञान आधीच झालेले असते, असे म्हणावयास हरकत नाही. गोफणकऱ्याचा हात सरावलेला, दगड निवडून घेतलेला, पाखरांचा थवा समोर दिसत असलेला. तरीही गुंडा एकदा पडतो चार हात अलीकडे, तर एकदा डावीकडच्या सरीत. दोरी सुटताना दगडाला जी गिरकी मिळते, ती राखणदाराच्या इच्छेने मिळत नाही. भोवऱ्याचे तसे नाही. त्याला गिरकी द्यावयाची कोणत्या अक्षाभोवती, हे जाळी गुंडाळतानाच ठरून गेलेले असते, म्हणून तो आरेवर गुंगून उभा राहतो आणि बोटाने ढकलला तरी आपला तोल सोडीत नाही. गोफणगुंड्याचे दैव आणि भोवऱ्याचा स्वभाव यांत जे अंतर आहे, तेच गुळगुळीत नळीची बंदूक आणि पिळाच्या नळीची बंदूक यांत आहे. हे अंतर ओळखूनही युरोपातल्या फौजांना ते रणांगणावर आणावयास तीनशे वर्षे लागली, आणि आपल्या दख्खनेत ते आले तेव्हा परक्या सरकारच्या हातून, सरकारला जेवढे द्यावेसे वाटले तेवढेच, आले.

ठासणीच्या बंदुकीला आमच्या मराठवाड्याकडे आणि त्यापलीकडच्या तेलंगणात भरमार असेही म्हणतात, आणि नावच तिचा विधी सांगते. नळी उभी धरावयाची, तोंडातून मापाची दारू ओतावयाची, वर गोळी सोडावयाची, गजाने दोन-तीन ठोके देऊन ती दारूवर बसवावयाची, कानाशी रंजक घालावयाची आणि मग तोडा पेटलेला असेल तर तो, किंवा चकमक असेल तर तिची ठिणगी, रंजकीला लावावयाची. या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट सहज लक्षात येत नाही: गोळी नळीतून खाली उतरावयाची, तर ती नळीपेक्षा बारीक असली पाहिजे. इंग्रजांची ती प्रसिद्ध ब्राउन बेस घ्या. तिच्या नळीचा आतील व्यास .७५ इंच आणि गोळीचा सुमारे .६९, म्हणजे मधली फट इंचाच्या सोळाव्या भागाएवढी. बार उडाला की बराच जोर त्या फटीतून गळतो, गोळी नळीच्या या भिंतीला आपटते, त्या भिंतीला आपटते, आणि तोंडाशी तिचा जो शेवटचा ठोका पडतो त्यावरून तिची दिशा ठरते. त्याच ठोक्याने तिला एक आडवीतिडवी गिरकीही मिळते. कर्नल हँगर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१४ साली आपला अनुभव लिहून ठेवला आहे, त्याचा मथितार्थ असा की शिपायाच्या साध्या बंदुकीने ८० यार्डांवरचा माणूस कदाचित लागेल. पण २०० यार्डांवरून मुद्दाम नेम धरून कोणाला मारल्याचे कोणी सांगू लागला, तर त्याने चंद्रावर बार काढल्याचे सांगितले तरी तेवढाच विश्वास ठेवावा.

ही गिरकी गोळीला वाकडी का नेते, याचा शोध ज्याने लावला त्या बेंजामिन रॉबिन्सचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. याचे मला नवल वाटते, कारण तो मनुष्य हिंदुस्थानच्या मातीतच विसावला. हा गणिती १७४२ साली तोफविद्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून मोकळा झाला नाही. त्याने एका बंदुकीची नळी तोंडाशी मुद्दाम थोडी डावीकडे वाकविली, समोर पातळ कागदाचे पडदे ओळीने टांगले आणि बार काढला. गोळीने पहिल्या पडद्याला पाडलेले भोक अपेक्षेप्रमाणे डावीकडे होते. पुढच्या पडद्यांवरची भोके मात्र उजवीकडे सरकत गेली आणि शेवटी गोळी नेमाची रेषा ओलांडून पलीकडे निघाली. वाकलेल्या नळीच्या उजव्या भिंतीला घासत आलेली गोळी स्वतःभोवती फिरत होती, आणि फिरणाऱ्या गोळीच्या एका अंगाला हवेचा रेटा अधिक, दुसऱ्या अंगाला उणा पडत होता. सरळ नळीतून सुटलेल्या प्रत्येक गोळीचे हेच होते. फरक इतकाच की ती कोणत्या अंगाला वळणार हे आधी सांगता येत नाही. मग उपाय उघड होता. गिरकी टाळता येत नसेल, तर ती अशा अक्षाभोवती द्यावी की जो गोळीच्या वाटेशी एकरूप असेल, म्हणजे हवेचा रेटा सर्व अंगांना सारखा पडेल. जर्मनीतले शिकारी हे पिढ्यान् पिढ्या करीत आले होते. का, ते मात्र कोणाला सांगता येत नव्हते. रॉबिन्सने १७४७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचून ते सांगितले, आणि ज्या राष्ट्राला पिळाच्या नळीचे मर्म आधी उमजेल ते इतरांवर मात करील, असे भाकीतही केले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी त्याला इकडे पाठविले आणि वर्षभरातच, जुलै १७५१ मध्ये, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे त्याचा अंत झाला.

पीळ पाडण्याचे काम कसे होई, तेही पाहण्यासारखे आहे. लाकडाच्या एका जाड दंडगोलावर मळसूत्राप्रमाणे खाचा कोरून घेतलेल्या असत. तो मागे-पुढे ओढला की त्या खाचांच्या आधाराने आपोआप वळत जाई. त्याला जोडलेल्या दांड्याच्या टोकाला पोलादाचा एक लहानसा दातेरी तुकडा बसविलेला असे. तो नळीत घालून ओढला म्हणजे केसाएवढा कीस निघे. मग दांडा फिरवून दुसरी खाच, तिसरी, असे करीत सगळ्या खाचांचा एक फेरा झाला की पोलादाच्या तुकड्याखाली कागदाची एक चिठ्ठी सारावयाची, म्हणजे दात तेवढाच वर येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. एका नळीला असे शेकडो वेळा ओढावे लागे. अशा नळीत वाटोळी गोळी तेल किंवा चरबी लावलेल्या फडक्याच्या ठिगळात गुंडाळून घालीत. ठिगळ खाचांत दाबून बसे, तेच पिळाबरोबर वळे आणि गोळीला वळवी. यात आणखी एक फायदा असा की ओतीव शिशाच्या गोळीत कोठे हवेचा बुडबुडा राहिला असेल, कोठे साच्याचा कंगोरा उरला असेल, तर त्या व्यंगाचा ओढा गिरकीबरोबर सगळ्या दिशांना सारखा वाटला जातो. लंगडा बैल एकाच बाजूला जुंपला तर गाडी वाकडी जाते. त्याला क्षणाक्षणाला बाजू बदलून जुंपता आला असता, तर गाडी सरळ गेली असती.

पीळ किती द्यावा, हा मात्र कसबाचा प्रश्न. वाटोळ्या गोळीला मंद पीळ पुरतो. इंग्रजांच्या रायफलधारी पलटणींना १८०० साली एझेकिएल बेकरने जी रायफल करून दिली, तिच्या ३० इंच नळीत सात खाचा होत्या आणि त्या नळीच्या सबंध लांबीत फक्त पाव वळण घेत; म्हणजे पुरे एक वळण १२० इंचांत. अमेरिकेतले शिकारी बहुधा ४८ इंचांत एक वळण ठेवीत. पीळ तीव्र आणि दारूही भारी, असे झाले तर गोळी खाचांची वाट न धरता त्यांना ओरबाडीत सरळ निघून जाते. आटे गेलेल्या नटाला पान्याने कितीही पिळले तरी तो जसा धरीत नाही, तसे ते. लांबट गोळीला मात्र तीव्र पीळ लागतो, कारण तिला हवेत कोलांटी उडी मारण्याचा मोह अधिक. पुढे व्हिटवर्थने षट्कोनी पोटाची जी नळी केली तिच्यात २० इंचांत एक वळण होते. गोळीचा वेग सेकंदास १२०० फूट धरला, तर बेकरच्या नळीतून निघणारी गोळी सेकंदाला १२० गिरक्या घेईल आणि व्हिटवर्थच्या नळीतून निघणारी ७२०.

आता आपल्याकडे वळू. दख्खनेतल्या लोहारांना हे साधले नसते, असे मला मुळीच वाटत नाही. ज्या अहमदनगरात १५४९ साली रूमीखानाने मलिक-ए-मैदान ओतली, त्या प्रदेशाला धातूचे कसब शिकवावयास कोणी नको होते. आपल्या इकडच्या चांगल्या नळ्या तर लोखंडाची पट्टी सळईभोवती मळसूत्रासारखी गुंडाळून, तापवून, ठोकून एकजीव केलेल्या असत. त्यांच्या अंगावरचे पाणीदार जौहर आजही संग्रहालयांतून डोळे दिपविते. म्हणजे नळीच्या अंगात पीळ होता, पोटात नव्हता. सिंध आणि अफगाणिस्तान या बाजूच्या काही जुन्या बंदुकांच्या नळ्यांत तोही आढळतो, आणि पिळाच्या लांब अफगाणी बंदुकांनी, म्हणजे जझैलींनी, डोंगराच्या आडोशाने पहिल्या अफगाण युद्धात इंग्रजांना किती छळले, ते इतिहासात नमूद आहे. तेव्हा प्रश्न कसबाचा नव्हता. बंदुकीकडून मालकाला काय हवे होते, याचा होता.

त्यासाठी चकलांब्याच्याच तालुक्यातले राक्षसभुवन डोळ्यांसमोर आणावे. १० ऑगस्ट १७६३. पुण्याची जाळपोळ करून आलेला निजामअली औरंगाबादेकडे निघालेला. तो स्वतः गोदावरी उतरून गेला होता आणि दिवाण विठ्ठल सुंदर अर्ध्या फौजेनिशी दक्षिण तीरावर मागे राहिला होता. पावसाळ्याचे दिवस, नदीला पाणी, काळ्या रानात घोड्याचे पाय रुततात असा चिखल. राघोबादादा वेढ्यात सापडले, तरुण पेशवे माधवरावांनी उसळी घेऊन त्यांना सोडविले, विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पुढच्या तहात ८२ लक्षांचा मुलूख सोडावा लागला. अशा गर्दीच्या लढाईत, जेथे घोडदळ दोन-चारशे हातांवरून अंगावर येते, तेथे ठिगळात गुंडाळलेली गोळी ठोकून ठोकून नळीत उतरविणाऱ्या नेमबाजाला कोणत्या सरदाराने पदरी ठेविले असते? गुळगुळीत नळीत गोळी आपल्या वजनाने घसरते. कवायती शिपाई मिनिटाला तीन बार काढतो. पिळाच्या नळीला एका बारास त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ. बेकरच्या रायफली प्रथम वाटल्या तेव्हा गोळी ठोकण्यासाठी शिपायांना लाकडी हातोड्या दिल्या होत्या, यावरून काय ते समजावे. शिवाय सोरा, कोळसा आणि गंधक यांची ती काळी दारू जळून निम्म्याहून अधिक घन कीट मागे ठेवते. ते खाचांत बसले की दहा-पंधरा बारांनंतर गोळी उतरेनाशी होते.

म्हणून गारद्यांच्या, म्हणजे कवायती पायदळाच्या, हाती जी बंदूक आली ती गुळगुळीतच. रॉबिन्स कडलूरला मरणशय्येवर होता, त्याच सुमारास फ्रेंचांचा बुसी सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेस येऊन दाखल झाला होता, आणि चकलांब्यापासून दोन-तीन मजलांवर त्याच्या पलटणींची कवायत चालली होती. त्याच तालमीतला इब्राहिमखान गारदी पुढे भाऊसाहेबांकडे आला आणि पानिपतावर कामी आला. निजामाकडे रेमंडने हैदराबादेस तोफांचा कारखाना काढला, पेशव्यांचा आंबेगव्हाणास होता, महादजी शिंद्यांचा आग्र्यास. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्यावर रेमंडच्या आणि शिंद्यांकडील पेराँच्या पलटणी समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हाही दोहोंकडे आराखडा तोच: नेम कोणी धरावयाचा नाही, ओळ धरावयाची, एकाने एकाला मारावयाचे नाही, सर्वांनी मिळून समोरच्या भिंतीवर शिसे ओतावयाचे.

आपल्या बखरींचे आणि त्यांवर लिहिणाऱ्यांचे एक दुखणे असे की पराभव झाला की हत्यार जुने होते म्हणून सांगावयाचे. मला ते पटत नाही. खुद्द नेपोलियनने १८०७ साली आपल्या फौजेतल्या पिळाच्या बंदुका वेळखाऊ म्हणून काढून घेतल्या. तेव्हा पीळ नव्हता म्हणून आम्ही मागासलेले, असे म्हणणाऱ्याने नेपोलियनलाही त्याच पंक्तीत बसवावे. आपल्याकडे उणीव होती ती खाचेची नव्हे, त्या कागदी पडद्यांची. आंबेगव्हाणचा गोळा किती शेराचा आणि त्याला खर्च किती आला, हे आमच्या फडणिसांनी रुमालोरुमाल लिहून ठेवले. पण बार उडाल्यावर गोळा कोठे वळला, किती वळला, हे मोजावे असे कोणाला वाटले नाही. दफ्तर दारूखान्याच्या दारापर्यंत जाई. गोळीबरोबर पुढे जात नसे.

सौदा फिरला तो १८४९ नंतर. घाई आणि नेम यांतले एकच काय ते मिळेल, ही जी जुनी अडचण होती ती मिन्ये नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीने सोडविली. गोळी लांबट, पुढे निमुळती, बुडाशी पोकळ. नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून गजाच्या एका सरकाव्याने खाली उतरणारी. बार होताच पोकळ बुडाची कड फुगून खाचांत रुतते आणि परतीच्या वाटेवर पीळ पकडते. जाताना सैल, येताना घट्ट. या कल्पनेचा मूळ मान कोणाचा यावर वाद आहेत. कॅप्टन नॉर्टन नावाच्या इंग्रजाला ती दक्षिण हिंदुस्थानात सुचली असे सांगतात, कारण तेथले लोक फुंकनळीतून जे तीर सोडीत त्यांच्या बुडाला फुगणारा मऊ गाभा लावलेला त्याने पाहिला होता. इंग्रजांची १८५३ ची एनफिल्ड याच तत्त्वाची: ३९ इंच नळी, .५७७ इंच व्यास, खाचा तीनच आणि उथळ, ७८ इंचांत एक वळण, आणि नेमाच्या पट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा. जेथे ८० यार्डांची मारामार होती, तेथे ही मजल.

पण घट्ट बसणाऱ्या गोळीला वंगण हवे, हे तिच्याबरोबरच आले. ब्राउन बेसची गोळी सैल. तिच्या काडतुसाला चरबी लावण्याचे काही कारण नव्हते. पिळाने जवळीक आणली, जवळिकीने चरबी आणली, आणि दमदम, अंबाला व सियालकोट येथे नव्या रायफलीचे शिक्षण सुरू झाले तेव्हा जानेवारी १८५७ पासून त्या चरबीचा बभ्रा झाला. पुढचे सर्वश्रुत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेसाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले, त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकातही काडतुसांची ही वार्ता आहे. त्यात दैवदुर्विलास असा की चरबीच्या काडतुसावरून जे शिपाई उठले, त्यांतले बहुतेक शेवटपर्यंत जुन्या गुळगुळीत बंदुकांनी लढले, आणि ज्या रायफलीला त्यांनी हात लावण्याचे नाकारले, तीच त्यांच्यावर दुरून चालविली गेली.

बंड मोडल्यावर सरकारने जी उपाययोजना केली, ती या सबंध इतिहासातली मला सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. देशी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक निघाली. बाहेरून ती हुबेहूब एनफिल्ड. तोच दस्ता, तोच घोडा, तीच लांबी. मात्र नळीचे पोट आतून कातून .६५ इंचांपर्यंत मोठे केले होते, म्हणजे खाचा समूळ खरवडून टाकल्या होत्या, आणि लांब पल्ल्याची नेमपट्टीही काढून तेथे साधी खूण बसविली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. येथे सुंभ जसाच्या तसा ठेवून पीळ तेवढा काढून घेतला. नेमपट्टी सोडली तर वरवर पाहून कोणी फरक ओळखणार नाही. पीळ गेल्याचे करंगळी नळीत घालून फिरविली तरच कळावे. शंभर वर्षांपूर्वी रॉबिन्सने केलेले भाकीत सरकारने नीट वाचले होते, एवढे मात्र खरे.

बीड जिल्ह्यात याची सावली कोठे पडली म्हणाल, तर अंबाजोगाईस. निजामाच्या अमलात तिला मोमिनाबाद म्हणत आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी असे. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, असा तो कारभार १९०३ पर्यंत चालला. खेड्यापाड्यांत मात्र शिबंदीतले अरब-रोहिले आपल्या तोड्याच्या बंदुका खांद्यावर टाकून वसुलीला फिरत, आणि त्यांच्या बंदुकीत पीळ आहे की नाही याची चौकशी करण्याचे कुळाला काही प्रयोजन नव्हते. १८७८ चा शस्त्रांचा कायदा ब्रिटिश मुलखाचा. शेवगावात तो लागू, निजामाच्या हद्दीत चकलांब्याला निराळा अंमल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला.

नव्या राज्याने पिळाचा हिशेब मात्र पुढे चालू ठेवला. १९५९ चा शस्त्र अधिनियम काढून पाहावा. संरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठी नागरिकाला परवाना सुलभतेने मिळावा असे जेथे म्हटले आहे, तेथे अट गुळगुळीत नळीची, तीही वीस इंचांहून आखूड नसलेली. आणि त्याच ओळीत, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची. रायफलीची गोष्ट निराळी, तिची वाट निराळी.

अशी एखादी परवान्याची ठासणीची बंदूक हाती आली तर तिच्या तोंडाची कड पाहावी. वर्षानुवर्षे लोखंडी गज घासून ती एका अंगाला झिजलेली असते. रायफलीच्या बाबतीत हीच झीज घातक. गोळी नळी सोडताना जोराची वाफ झिजल्या अंगाने आधी सुटते आणि गोळीच्या बुडाला धक्का देऊन तिला कलती करते, म्हणून जाणते लोक लाकडी किंवा पितळी टोपीचा गज वापरतात आणि नळीच्या तोंडाला स्पर्श होऊ देत नाहीत. चकलांब्याच्या शिवारात मात्र या झिजेने कोणाचे काही बिघडत नाही. रानडुकरांचा कळप ज्वारीत शिरल्याची चाहूल लागली की राखणदार माळ्यावर उठून बसतो, अंधारात चाचपून दारू ओततो, वर चिंध्यांचा बोळा ठासतो, गोळी घालीतच नाही, आणि नळी आभाळाकडे करून बार काढतो. ताटे खसखसतात, कळप ओढ्याकडे पळतो, गावातली कुत्री भुंकू लागतात; आणि नळीतून निघालेला बोळा धुमसत धुमसत शेजारच्या सरीत येऊन पडतो.